निलंबूरचे सागवान

सागवानी खांबांच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांस त्या लाकडाविषयी एक प्रकारचा घरगुती अभिमान असतो. आमच्या आजोळच्या माजघराचे चार खांब दोन पिढ्यांनी तेल चोळून काळेभोर केले होते, आणि ते लाकूड ‘मलबारी’ आहे हे घरातील वडील मंडळी आल्यागेल्यास आवर्जून सांगत. मलबार म्हणजे नेमका कोणता मुलूख, तेथील झाड आमच्या कोकणच्या बंदरात कसे उतरले, ते तोडले कोणी आणि त्याच्या जागी दुसरे लावले की नाही, हे मात्र कोणी सांगत नसे; आणि आम्हीही कधी विचारले नाही. पुढे इतिहासाच्या अध्यापनाच्या निमित्ताने मुंबईच्या गोदीविषयी वाचू लागलो तेव्हा ते खांब पुन्हा आठवले, आणि त्यांचा माग काढीत काढीत आम्ही ज्या गावी जाऊन पोहोचलो त्याचे नाव निलंबूर.

निलंबूर हे केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात आहे; पूर्वी तो प्रदेश मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात मोडत असे. पूर्वेस वायनाड आणि निलगिरी यांचे कडे उभे आहेत; त्यांच्या पायथ्याशी चालियार नदी अनेक ओढे पोटात घेत वाढते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन बेपूर येथे समुद्रास मिळते. भरपूर पाऊस, निचऱ्याची गाळवट जमीन आणि दारातून समुद्रापर्यंत जाणारा पाण्याचा रस्ता, असा तिहेरी योग फार थोड्या खोऱ्यांच्या वाट्यास येतो. सागास तो मानवला, आणि म्हणून सागाचे व्यापारीही तेथे आले. या खोऱ्यात १८४० नंतरच्या चार-पाच वर्षांत इंग्रज सरकारने सागाची लागवड सुरू केली. ती जगातील सर्वांत जुनी, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. ते अक्षरशः खरे मानण्याचे कारण नाही, कारण डच लोकांनी सिंहलद्वीपात सतराव्या शतकातच साग लावून पाहिला होता. परंतु सरकारी शिस्तीने, वर्षामागून वर्ष, एकाच खोऱ्यात चिकाटीने चाललेली हिंदुस्थानातील पहिली मोठी लागवड ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही.

सरकारास ही बुद्धी कोठून झाली, हे समजण्यासाठी किंचित मागे जावे लागते. १७९२ साली श्रीरंगपट्टणाचा तह झाला आणि टिपूचा मलबार इंग्रजांच्या पदरी पडला. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपापल्या फौजा घेऊन इंग्रजांच्या बाजूस होते, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. आपल्या वाट्यास काय आले याचा हिशोब आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. इंग्रजांच्या वाट्यास त्या तहाने जगातील उत्तमांपैकी एक सागाचे रान आले, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. इंग्रजांचे लक्ष मात्र होते. आरंभीची काही वर्षे, म्हणजे १८०० पर्यंत, मलबारचा कारभार मुंबईकडेच होता, आणि मुंबईस गोदी होती. त्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या वंशातील पारशी कारागीर जहाजे बांधीत असत. विलायतेतील ओकची राने नौदलाने खाऊन संपत आली होती. साग पाण्यात कुजत नाही, त्यातील तेलामुळे लोखंडी खिळ्यास गंज चढत नाही, वाळवी त्यास सहसा शिवत नाही. १८१० साली ‘मिंडेन’, १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ अशी एकामागून एक लढाऊ जहाजे मुंबईत पाण्यात उतरली. पुढे १८४२ साली चीनला मान तुकवावयास लावणारा नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला, ते हेच ‘कॉर्नवॉलिस’. ‘त्रिंकोमाली’ तर अद्याप तरंगत आहे. इंग्लंडात हार्टलपूल येथे ते जतन करून ठेवले आहे. मलबारच्या रानातील झाड दोनशे वर्षांनंतरही उत्तर समुद्राच्या काठी उभे आहे, पण ज्या रानातून ते तोडले ते रान मात्र केव्हाच उठले.

ते कसे उठले त्याची हकीकत लांबविण्याची गरज नाही. १८०६ साली वॉटसन नावाच्या एका कप्तानास जंगलाचा रक्षक नेमण्यात आले. हिंदुस्थानातील त्या पदावरचा हा पहिला मनुष्य. परंतु त्याचे रक्षण म्हणजे सागावर सरकारची मालकी पुकारून सर्व लाकूड नौदलासाठी राखणे. जमीनदार चिडले, व्यापारी चिडले, सामान्य कुळास नांगराला लाकूड मिळेना. शेवटी १८२३ साली गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ते खाते मोडून टाकले. मन्रो हा रयतेची बाजू ओळखणारा अधिकारी, आणि त्याचा निर्णय न्यायाचाच होता. पण न्यायाच्या निर्णयाचेही परिणाम कधी कधी वाईट होतात. सरकारचा हात निघताच व्यापाऱ्यांचे हात मोकळे झाले, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत नदीकाठचे, सहज ओढून नेता येण्यासारखे, मोठे साग नाहीसे झाले. मक्तेदारीने रयत पिडली गेली आणि मोकळीकीने रान. त्या काळी या दोहोंखेरीज तिसरी वाट कोणास सुचली नव्हती.

ती सुचली हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली या मलबारच्या कलेक्टरास. हे घराणे विलक्षण होते. त्याचा भाऊ आर्थर हा मध्य आशियात हेरगिरीसाठी हिंडत असता बुखाऱ्याच्या अमीराच्या तावडीत सापडला आणि १८४२ साली त्याचा शिरच्छेद झाला. इकडे हेन्री त्याच सुमारास मलबारात सागाचे बी का उगवत नाही या विवंचनेत होता. एक भाऊ साम्राज्याच्या सीमेवर मेला, दुसरा साम्राज्याच्या जहाजांस साठ वर्षांनी लागणाऱ्या लाकडाची तजवीज करीत बसला. या दुसऱ्या कामात अधिक धैर्य आहे असे आम्हांस वाटते. निदान धीर तरी अधिक आहे. कॉनोलीने स्थानिक देवस्थान आणि जमीनदार यांच्याकडून नदीकाठच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि वरिष्ठांस कळविले, की खासगी हावेपायी नाहीशा झालेल्या रानांच्या जागी सरकारने नवी राने उभी करावयास हवीत. सरकारच्या स्वतःच्या हावेचा उल्लेख त्यात नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु बी उगवेना. सागाचे फळ ज्याने हातात घेतले असेल त्यास याचे कारण लगेच कळेल. वरून लोकरीसारखे मऊ साल, आत दगडासारखी कवची, आणि त्या कवचीत निजलेले बी. रानात ते ऊन-पावसाचे अनेक फेरे खाऊन, कधी वणव्याची आच लागून, आपल्या सोयीने केव्हा तरी फुटते; सरकारी वेळापत्रकास ते जुमानीत नाही. भिजवून पाहिले, भाजून पाहिले, कवची सोलून पाहिली. पहिले प्रयत्न वाया गेले. शेवटी युक्ती सापडली ती अगदी साधी: पावसाच्या तोंडी सावलीच्या वाफ्यात बी घालावयाचे, वर हलकी माती आणि कुजका पेंढा पसरावयाचा, आणि रोप हाताशी आले की ते बाहेर लावावयाचे. भाताचे रोप करणाऱ्या कोणत्याही कुणब्यास हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

हे काम ज्याच्या हातून तडीस गेले त्याचे नाव चातु मेनन. तो मलबारचाच राहणारा. कॉनोलीने त्यास दुय्यम वनरक्षक म्हणून नेमले, आणि १८६२ पर्यंत, म्हणजे अदमासे वीस वर्षे, हा मनुष्य त्या खोऱ्यात साग लावीत राहिला. सहा-सहा फुटांवर खड्डे, त्यांत रोपे, मग तण काढणे, वणवा अडविणे, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे. त्याच्या हातून दहा लाखांच्या घरात झाडे लागली असे मानतात. जर्मन वनशास्त्राचा हिंदुस्थानातील अध्वर्यू डीट्रिख ब्रँडिस हा १८६४ साली सरकारचा पहिला वन-महानिरीक्षक झाला. म्हणजे शास्त्र इकडे खात्याच्या रूपाने येण्यापूर्वीच मेननची झाडे दोन पुरुष उंच झाली होती. मेननला वनशास्त्राची पदवी नव्हती. त्यास पाऊस केव्हा येतो, कोणत्या ओढ्याची जमीन चिकट आहे आणि कोणती निचऱ्याची आहे, मजूर कोणत्या सणास येणार नाहीत, एवढे ठाऊक होते. आपल्या विद्यापीठांत अशा माणसांविषयी कोणी प्रबंध लिहीत नाही, कारण त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नसते.

आणि ज्यांनी प्रत्यक्ष खड्डे खणले, ओंडके तोडले, हत्तींच्या साहाय्याने ते पाण्यापर्यंत ओढले, त्यांची तर नावेही उरली नाहीत. या खोऱ्यात पणियन, मुदुवन, काट्टुनायकन अशा जमाती राहात आल्या आहेत. वरच्या डोंगरात चोलनायकन लोक अगदी अलीकडेपर्यंत खडकांच्या कपारींत घर करून राहात. डोंगरउतारावर थोडी झाडी जाळून एक-दोन पिके घ्यावयाची आणि मग ती जमीन रानास परत द्यावयाची, या फिरत्या शेतीस मलबारात ‘पुनम’ म्हणतात. आपल्याकडील कुमरीचीच ती बहीण. सागाच्या ओळी जेथे लागल्या तेथे पुनम संपली. ज्याच्या पायाखालची जमीन गेली तोच पुढे त्या जमिनीवर रोजंदारीने साग लावू लागला. कॉनोलीच्या वाखाणणीत हे वाक्यही लिहिले पाहिजे. ते गाळले तर वाखाणणी खोटी ठरते.

कॉनोलीस आपली झाडे मोठी झालेली पाहावयास मिळाली नाहीत. मलबारातील मापिला कुळे आणि जमीनदार यांच्यामधील कलहात त्याने सरकारतर्फे कठोर पवित्रा घेतला होता. मंपुरमचे आदरणीय सय्यद फझल यांस १८५२ साली देश सोडून अरबस्तानात जावे लागले, त्यामागे त्याचाच हात आहे असा लोकांचा समज होता. ११ सप्टेंबर १८५५ रोजी रात्री कालिकतच्या बंगल्यातील व्हरांड्यात तो पत्नीसह बसला असता तुरुंगातून निसटलेल्या काही मापिलांनी त्यास ठार केले. त्या वेळी त्याचे सर्वांत जुने साग जेमतेम मांडीएवढे जाड असतील. झाडांच्या बाबतीत जो मनुष्य साठ वर्षे पुढे पाहू शकला, त्यास माणसांच्या बाबतीत पुढील तीन वर्षेही दिसली नाहीत. भूमीची जी तेढ त्याच्या जिवावर उठली तीच पुढे १९२१ च्या उठावात पुन्हा भडकली, आणि तिची झळ निलंबूरच्या कोविलकमास, म्हणजे तेथील राजवाड्यासही लागली.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. निलंबूरला जे उभे राहिले ते रान की शेत? ओळीत लावलेली, एका वयाची, एका जातीची झाडे. ठरावीक वर्षांनी विरळणी. पन्नास-साठ वर्षांनी सरसकट तोड, आणि त्याच जमिनीवर पुन्हा तेच पीक. हे शेत नव्हे तर काय? एकाच जातीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याची सर्व दुखणी या शेतासही जडली. पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी फुटते न फुटते तोच अळ्यांची धाड येते आणि आठवड्याभरात मैलच्या मैल साग निष्पर्ण होतात. ही अळी निलंबूरच्या अभ्यासकांची जुनी ओळखीची आहे. सागाच्या रुंद पानांवर साठून जाड थेंबांनी पडणारे पाणी खालची उघडी माती खणून काढते. झुडूप नाही, पाचोळा वणव्याने जळालेला, अशा ठिकाणी माती टिकावी कशी? दुसऱ्या फेरीचा साग पहिल्याइतका जोमदार येत नाही, ही तक्रार वनाधिकाऱ्यांमध्ये शंभर वर्षे चालत आली आहे.

तरीही हे शेत ‘वन’ या नावानेच कागदावर राहिले, आणि आमच्या मते खरी गोम येथेच आहे. निलंबूरने सरकारास शिकविले, की रान पैदा करता येते. म्हणून जे आपोआप उगवले आहे त्याची किंमत त्यातील विकाऊ लाकडाएवढीच. मुंबई इलाख्यात १८४७ पासून अलेक्झांडर गिब्सन हे वनरक्षक होते. डोंगर बोडके झाले की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्यांस ठाऊक होते. पण त्यांच्या मागून जे खाते वाढले त्यास झऱ्यांपेक्षा घनफूट अधिक समजत असत. १८७८ चा कायदा झाला आणि गायराने राखीव जंगलांत गेली. भाताच्या राबासाठी झाडांचे टहाळ तोडणे हा ठाणे जिल्ह्यातील कुणब्या-वारल्यांचा पिढीजात व्यवहार एकाएकी गुन्हा ठरू लागला. ओरड इतकी झाली की १८८५ साली सरकारास चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तत्पूर्वीच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, ते या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यांतील संताप अतिशयोक्त वाटत नाही.

आमच्याकडे याहून जुना एक विचार होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या झाडांचे प्रकरण आहे. साग वगैरे लाकूड राज्यातील रानातून तोडावयाचे ते हुजूरची परवानगी घेऊन, लागेल तेवढे. आंबा-फणसादी झाडे मात्र उपयोगी असूनही सक्तीने तोडावयाची नाहीत, कारण ती वाढण्यास माणसाचे आयुष्य लागते आणि ती लावणाऱ्या रयतेचा जीव त्यांत गुंतलेला असतो. धन्यास राजी करून व मोल देऊन मगच हात लावावयाचा. यात लागवडीचे शास्त्र नाही, आणि प्रत्यक्ष अंमल किती झाला हा प्रश्न वेगळा. परंतु झाडामागे माणूस उभा आहे हे त्या लेखणीस दिसत होते. कॉनोलीच्या टिपणांत झाड आहे, जहाज आहे, वर्षांचा हिशोब आहे. माणूस आढळला तर तो मजुरांच्या हजेरीतच. आणि स्वराज्यानंतर तरी आपण अमात्यांकडे वळलो काय? १९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झाले, आणि विदर्भातील मिश्र जंगले तोडून त्यांच्या जागी सागाच्या ओळी लावण्याचे काम त्याने हाती घेतले. मोह, तेंदू, चारोळी यांवर जगणाऱ्या गोंड-माडियांस सागाच्या ओळीत खावयास काय मिळते, हे त्यांसच विचारावे.

निलंबूरच्या भोवतालच्या मुलखात दरम्यान बरेच काही घडून गेले. १८८० च्या सुमारास शेजारच्या वायनाडात सोने सापडल्याची हूल उठून लंडनमध्ये कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. चालियारच्या वाळूत सोन्याचे कण मात्र अद्याप धुऊन काढतात. १९२७ साली शोरनूरपासून निलंबूरपर्यंत आगगाडी आली, ती मुख्यतः लाकडासाठी. महायुद्धात रूळ उखडून नेले आणि १९५४ साली पुन्हा घातले. आज त्या ६६ किलोमीटरांच्या मार्गावर दोहो बाजूंस साग पाहात प्रवास करणे हा एक निर्भेळ आनंद आहे, हे इतकी टीका केल्यावरही कबूल केले पाहिजे. नदीने वाहून आणलेले ओंडके कालिकतजवळ कल्लायी येथे साठत. तो बाजार एके काळी जगातील मोठ्या लाकूडबाजारांत गणला जाई. मावूर येथे १९६३ पासून बांबूपासून धागा करणारा कारखाना आला, त्याने वरची बांबूची बने आणि खालचे नदीचे पाणी दोन्ही नासविली, आणि लोकांनी दीर्घकाळ झगडल्यावर १९९९ साली त्याची चक्रे थांबली. १९७१ च्या कायद्याने खासगी राने सरकारजमा झाली. २०१७ साली निलंबूरच्या सागास भौगोलिक मानांकन मिळाले.

आम्ही तेथे गेलो तो २०१६ चा डिसेंबर होता. १८४६ साली लावलेल्या झाडांपैकी २.३१ हेक्टरांचा एक तुकडा न तोडता राखून ठेवला आहे. त्यास कॉनोलीचे नाव आहे. चालियारवरचा झुलता पूल ओलांडून तेथे जावयाचे. पलीकडे पाऊल टाकताच अपेक्षेपेक्षा वेगळेच दृश्य दिसले. चाळीस मीटरांहून उंच गेलेले ते साग होते खरे, पण ओळी शोधूनही सापडेनात. मधली काही झाडे वाऱ्याने, वयाने पडली होती. त्या मोकळ्या जागी वेली, झुडपे, कोणीही न लावलेली इतर जातींची रोपे वर आली होती. पानगळ सुरू झाली होती, आणि सुपाएवढी पाने तुटून खाली येताना त्यांचा कागद फाटल्यासारखा आवाज होई. मेननने जे शेत म्हणून लावले होते ते, एकदाही कापणी न झाल्यामुळे, पावणेदोनशे वर्षांत हळूहळू रानाच्या वळणावर चालले होते. नदीच्या अलीकडच्या लागवडीत मात्र ओळी सरळ होत्या आणि खालची जमीन झाडल्यासारखी स्वच्छ.

२०१९ च्या ऑगस्टातील महापुराने तो झुलता पूल मोडून टाकला. त्याच दिवसांत निलंबूरच्या वर कवळप्पारा येथे डोंगर खचून ५९ माणसे गाडली गेली. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडात चूरलमला-मुंडक्कई येथे कडा कोसळला. तेथील पाणी चालियारसच मिळते, आणि ज्या पात्रातून पूर्वी सागाचे तराफे उतरत त्यातून पुढील कित्येक दिवस प्रेते वाहत आली. दीडशे वर्षे त्या उतारांवर कोठे चहा, कोठे रबर, कोठे साग असे एकेका पिकाचे राज्य चालले आहे. पावसाचा कहर होता हे खरे, आणि सगळा दोष लागवडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण उताराची माती कशाने धरून ठेवावयाची हा प्रश्न त्या खोऱ्यात आता पुस्तकी राहिलेला नाही. निलंबूरच्या माणसांनी, त्यांत पुष्कळ आदिवासी आणि मापिला तरुण होते, पुरात उतरून ती प्रेते काठावर आणली आणि गावच्या दवाखान्यात ओळख पटविण्यासाठी ओळीने ठेवली.

आमच्या आजोळचे घर विकले गेले तेव्हा ते चार खांब आम्ही मागून घेतले. ते पडवीत आडवे ठेवले आहेत. कापलेल्या तोंडाशी वर्तुळे मोजता येतात. एकाची आम्ही मोजली, ती एकशे चाळीसपर्यंत गेली आणि मग गाभ्याच्या काळोखात पुसट झाली. कॉनोलीच्या आधीचे झाड असावे. लावलेले नव्हे, उगवलेले.